रोलरची सुट्टी

माझा धंदा थोडक्यात सांगायचा तर बावीस यार्ड चिखल वाळवायचा, आणि तो वाळला की त्यावर बाद झालेल्या लोकांच्या शिव्या ऐकायच्या. इंग्रजीत याला ग्राउंड्समन म्हणतात. सांगलीची माझी मावशी सगळ्यांना सांगायची, "विलास तिकडे माळी आहे," आणि लगेच घाईघाईने जोडायची, "पण गाडी आहे हो त्याची." मावशीचं चुकत नव्हतं. आपल्याकडे जिमखान्याच्या माणसाला माळीच म्हणतात, आणि मला ते कधी लागलं नाही. शेतकी पदवी घेऊन इथे ईस्ट टामाकीच्या गोदामात खोके उचलत होतो तेव्हा मात्र लागायचं.

ऑकलंडमध्ये हिल्सबरोच्या चढावर आमचा क्लब आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कोणी धर्मगुरू, कोणी खाटीक, कोणी बोटीवरून पळून आलेला खलाशी अशांनी मिळून तो काढला. तेव्हा मैदानावरचं गवत मेंढ्या खायच्या आणि सामन्याच्या सकाळी लेंड्या वेचण्याची पाळी धाकट्या खेळाडूंची असायची. मी शनिवारी तिथे चौथ्या संघातून खेळायचो. खेळ बेताचाच. पण एकदा पिचला भेगा पडल्या होत्या तेव्हा म्हाताऱ्या ग्राउंड्समनला मी मातीबद्दल चार गोष्टी विचारल्या. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सोमवारी काय करतोस?" असा मी लागलो. बायको सुनंदा हॉस्पिटलात फार्मासिस्ट, त्यामुळे घरात एक तरी शहाणं माणूस कमावत होतं.

पिच म्हणजे काय ते क्रिकेट बघणाऱ्यांनाही माहीत नसतं. गवत दिसतं म्हणून लोकांना वाटतं गवताचा खेळ आहे. गवत नुसतं मातीला धरून ठेवतं. खरा खेळ खालच्या चिकणमातीचा. ती पोटभर भिजवायची, आणि वाळता वाळता रोलरने दाबत न्यायची. ओली असताना दाबली तर रोलरला चिकटून सालपटं निघतात. फार वाळल्यावर दाबली तर रोलर वरून नुसता फिरायला आल्यासारखा जातो. मधे एक वेळ येते, भाकरीचं पीठ मळून झाल्यावर हाताला सोडतं ना, तशी. ती वेळ गाठायची. मी अंगठ्याने बघायचो. अंगठा रुतला तर काम उद्या, अंगठा उमटलाच नाही तर काम काल करायला हवं होतं. एकदा माती घट्ट मिटली की वरून सर आली तरी पाणी घरंगळून जातं. नाही मिटली तर ती सगळं पिऊन बसते.

बाकी नोकरीत माणसंच जास्त त्रास देतात, माती नाही. एका लग्नाचे फोटो काढायला वऱ्हाड आलं. नवरी मोकळ्या हिरवळीवर उभी राहायचं सोडून नेमकी पिचवर, टाचा काय तर खिळे. मी हात जोडून म्हटलं, बाई, उद्या इथे फायनल आहे. तिने सँडल काढून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि अनवाणी उभी राहिली. तो फोटो तिने नंतर मला पाठवला. छान आलाय. नवऱ्याचा चेहरा मात्र सँडल धरून जसा असायचा तसाच.

आणि एक गृहस्थ बापाची राख घेऊन आले. बाप आमचा जुना बोलर. त्याची इच्छा अशी, की राख टाकायची ती पॅव्हेलियनच्या बाजूने गुड लेंग्थवर, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर. आता राखेने गवत जळतं, हे मला माहीत. पण अस्थी घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मी म्हटलं, चमचाभर इथे, बाकीची कडेच्या पोहुतुकावाच्या झाडाखाली. चमचाभर राख मी मातीत कालवून बोलरच्या पायठश्यात भरली. त्या मोसमात तिथे पडलेला एक चेंडू असा आत वळला, की आमच्या कॅप्टनचा मधला स्टंप गेला. कॅप्टन मला म्हणाला, हे काय आहे रे? मी म्हटलं, तुमचेच जुने सभासद आहेत.

पण मला सांगायचं आहे ते खंडेनवमीचं.

माझे वडील सांगलीकडे एका इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला अख्ख्या शॉपमधली यंत्रं पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून उभी करायची, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. एका वर्षी मोठ्या साहेबांनी ‘एकच जॉब आहे, काढून द्या’ म्हटल्यावर वडिलांनी खराट्याने जमीन झाडायला घेतली, म्हणाले, आज माझ्याकडून एवढंच काम होईल. त्यांच्यापासून मी इतका लांब आलो, की त्यांच्यातलं माझ्यात काय उरलंय असं कोणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. एवढा एक दिवस होता. माझ्या पहिल्याच मोसमात मी शेडमधल्या मोटर रोलरला, गवत कापायच्या मोअरला, दाताळ्याला कुंकू लावून मोकळा झालो. झेंडू इकडे त्या दिवसांत मिळत नाही, इकडे तेव्हा वसंत. कोफायची पिवळी फुलं मात्र झाडाझाडाला लोंबत असतात. त्यांची माळ केली. तेव्हाच्या अध्यक्षांनी बघितलं, विचारलं, मी सांगितलं, "आज अवजारांना विश्रांती." ते म्हणाले, "फेअर इनफ." तेव्हापासून आमच्या क्लबात तो दिवस ‘रोलर्स हॉलिडे’ झाला. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा तयारीच्या ऐन गर्दीत हा दिवस यायचा, पण एक दिवस इकडेतिकडे करून माझं जमायचं.

माझ्या शेवटच्या मोसमात नाही जमलं.

क्लबाचा दीडशेवा मोसम होता. अध्यक्ष आता ग्रॅहम, निवृत्त दंतवैद्य, दात काढायची सवय असल्यामुळे शांतपणे भयंकर गोष्टी सांगणारा. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मोसमाचा पहिला सामना राणीच्या काळासारखा होणार. लोकरी पँटी, चार चेंडूंची ओव्हर, अंपायरला उंच टोपी, आणि पिचवर कव्हर नाही. दुसरी गोष्ट सांगताना त्याने चष्मा पुसला. कमिटीत बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, की मातीची पिचेस काढून प्लास्टिकचं गवत घालावं. ना पाणी, ना रोलर, पाऊस थांबला की खेळा. सामन्यानंतरच्या मंगळवारी मतदान. "पिच ओलं म्हणून हाच सामना रद्द झाला, विल, तर मी काही बोलू शकणार नाही."

त्या मातीवर माझी सगळी इकडची वर्षं गेली होती. गुडघे तिथे गेले. माझ्यामागे ती कोणी सांभाळेल, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि सांभाळणारं माणूसही तयार होतं. तिचं नाव मेले. ती टोंगा बेटांवरची, चाळिशीची, काही वर्षांपासून माझ्याबरोबर अर्धवेळ काम करणारी. मातीला अंगठा लावून ती जे सांगायची ते माझ्याइतकंच बरोबर असायचं, कधी जास्तच. ती रविवारी चर्चमुळे कामाला यायची नाही. त्यांच्याकडे रविवारी कोणी गवताची काडी हलवत नाही. त्यामुळे रविवार मी बघायचो आणि खंडेनवमी तिला समजावून सांगायला लागली नाही.

सामना शनिवारी. खंडेनवमी गुरुवारी. मंगळवारी आणि बुधवारी पाऊस कोसळला, आणि कव्हर तर घालायचं नाही. बुधवारी संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभा राहून बघत होतो. आजारी मूल झोपलंय आणि आपल्याला खोलीत जायला मनाई आहे, तसं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी आकाश स्वच्छ. मानुकाऊ बंदराकडून वारा असा सुटला, की अंपायरची टोपी बाहेर काढली असती तर गेलीच असती. मी आईला घेऊन मैदानावर आलो. आई तेव्हा आमच्याकडे होती, सहा-सहा महिने येऊन राहायची. मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालायची, त्याबद्दल तिला कोणी काही बोलायची सोय नव्हती. आम्ही शेडमध्ये पूजा केली. मोटर रोलरला कोफायची माळ, मोअरला कुंकू, नारळ फोडला, मेलेने प्रसाद खाल्ला. झालं.

दुपारी जेवून मी पिचला अंगठा लावला. अंगठा उमटला, रुतला नाही, सुटताना माती बोटाला लागली नाही. भाकरीचं पीठ तयार. नेमकं आज. उद्या सकाळपर्यंत या वाऱ्याने वर कवच धरलं असतं, आणि उद्या संध्याकाळी पुन्हा सरी येणार असं हवामानखातं सांगत होतं. न मिटलेल्या मातीने ते सगळं पाणी प्यायलं असतं आणि शनिवारी पिचवर क्रिकेटऐवजी भातलावणी झाली असती.

ग्रॅहम पायऱ्यांवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रोलरची किल्ली माझ्याकडे पण आहे."

"माहीत आहे."

"पण शेड तुझी आहे." तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मेले म्हणाली, "मी चालवते. मी काही तुझ्या धर्मातली नाही."

मी म्हटलं, "अगं, सुट्टी माणसाला नाही, रोलरला आहे. तू चालवलास तरी काम त्यालाच करायला लागणार."

तिने यावर गंभीरपणे विचार केला. "म्हणजे रविवारच्या उलट," ती म्हणाली. "मग नाही."

मी शेडच्या दारात जाऊन उभा राहिलो. रोलरवरची फुलं वाऱ्याने हलत होती. हात लावला असता तर आभाळ कोसळलं नसतं, हे मलाही कळतं. मी काही भाबडा नाही. पण मी किल्ली फिरवली असती, तर त्यानंतर दरवर्षी पूजा केली असती ती नाटक म्हणून, आणि वडील माझ्यातून गेले असते. आणि नाही फिरवली तर माती जाणार. खरं सांगतो, मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, झाडू हातात धरून.

आई मागून आली. तिला वाटलं, मला बरं वाटत नाहीये. मी काय झालं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग पॅव्हेलियनच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तो कोण?"

तिथे जुना लोखंडी रोलर उभा होता. क्लब निघाला तेव्हाचा. घोडा जुंपून ओढायचे, आणि घोड्याच्या पायांत कातडी बूट घालायचे, म्हणजे टापांचे ठसे उमटत नसत. वर्षानुवर्षं फाटकाशी पडून होता, पोरं त्यावर बसून आइस्क्रीम खायची. दीडशेव्या वर्षासाठी ग्रॅहमने त्याला तेलपाणी करून, काळा रंग देऊन, फोटोसाठी सजवून ठेवलं होतं.

"तो जुना आहे. वापरात नाही," मी म्हटलं.

"त्याला सकाळी ओवाळलं का?"

"नाही."

आई भडकली. "पेट्रोल पिणाऱ्यांना सगळ्यांना कुंकू लावलंस, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला विसरलास? एवढा शिकलास तू."

"अगं, तो शोभेचा आहे."

"तुझ्या डोळ्यांदेखत उभा आहे तो. शोभेचा काय?" मग तिने जरा दम खाल्ला, आणि आवाज बदलला. हा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही याचा निकाल ती या आवाजात द्यायची. "राहून गेलाय ना? मग त्याची सुट्टी अजून सुरू कुठे झाली? त्याच्याकडून घ्या करून काम. संध्याकाळी त्याला ओवाळू आणि मग उद्यापर्यंत विसावू दे."

मी ग्रॅहमला हे इंग्रजीत सांगितलं. त्याने आईकडे आदराने बघितलं आणि म्हणाला, "या बाई कमिटीवर हव्या होत्या."

आता ओढायचा कोणी? गुरुवारची दुपार. खेळाडू ऑफिसात. ग्रॅहमची पाठ सरळ व्हायला दोन मिनिटं घेते. मैदानाभोवती रोजच्यासारखी फेरी मारत होती ती आमची आजी-आजोबा मंडळी. मुलांकडे आलेली, पुण्याची, नाशिकची, अकोल्याची. गुडघ्याला पट्टा, डोक्याला कानटोपी, साडीवर नातवाचं जाकीट. त्यांचे म्होरके जोशीसाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. या मैदानाचा निचरा कसा चुकीचा आहे हे त्यांनी मला जवळजवळ रोज सांगितलेलं.

मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, "साहेब, जरा हात लागेल का?"

"कशाला?"

सांगितलं. जोशीसाहेबांनी रोलरभोवती एक फेरी मारली, दांडा हलवून बघितला. "माणसं दोन्ही बाजूंना समान उंचीची लावा. आणि कोणी धक्का मारायचा नाही. सावकाश, एका गतीने. मी सांगेन तेव्हाच." माझ्या आयुष्यात इतका आनंदी माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

मेलेने शेडमधला दोर आणला आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः उभी राहिली. तिच्यामागे आजोबा, त्यांच्यामागे दोन आज्या. त्यांना नको म्हटलं तर एकजण म्हणाली, "जातं ओढलंय आम्ही, हे काय घेऊन बसलाय." सगळ्यांना बूट काढायला लावले, कारण ठसे. ग्रॅहमही मोजे काढून अनवाणी आला आणि दांड्याला लागला. मी पिचच्या दुसऱ्या टोकाला वाकून, माती बघत. जोशीसाहेबांनी "हं" म्हटलं आणि ते हत्तीच्या पिल्लाएवढं धूड हललं.

मोटर रोलर घरघरतो, त्यात मातीचा आवाज कधी ऐकू येत नाही. त्या दिवशी ऐकू आला. रोलरखाली ओली चिकणमाती मिटताना बारीक चुरचुरत होती. मी तोवर हे काम इतकी वर्षं केलं होतं आणि हा आवाज मला माहीत नव्हता. जायचं, यायचं, थांबून पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. कोणीतरी मधेच "चला चला, नाशिक बाजू कमी पडतेय" म्हणून चिडवायचं. रस्त्यावरून कुत्रा घेऊन जाणारा एक माणूस थांबला, कुत्रा खांबाला बांधला आणि दोराला लागला. कशासाठी ओढतोय हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी अंगठा लावला. काही उमटलं नाही. पिच तेल लावलेल्या पाटासारखं दिसत होतं. मग आईने त्या लोखंडी आजोबांना पाण्याने पुसलं, कुंकू लावलं, उरलेली कोफायची फुलं वाहिली आणि ओवाळलं. रांगेत ग्रॅहम उभा होता, त्यालाही कुंकू लावलं. त्याने घरी जाऊन ते पुसलं नाही, असं त्याची बायको नंतर सांगत होती.

शुक्रवारी संध्याकाळी सर आलीच. मी खिडकीतून बघितलं नाही, सुनंदाने बघितलं. शनिवारी सकाळी पिच वर जरा दमट, आत दगड. सामना ठरल्या वेळी सुरू झाला. चेंडू थोडा खाली राहत होता, आणि लोकरी पँटी घालून धावताना सगळ्यांचे हाल झाले. आमचा संघ हरला, पण त्याबद्दल कोणाला काही वाटलं नाही. चहाच्या वेळी आज्या-आजोबा कडेला ओळीने बसून प्रत्येक चांगल्या चेंडूला ‘हे आमचं काम’ अशा चेहऱ्याने टाळ्या वाजवत होते.

मंगळवारी मतदान झालं. सगळं जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं. मधली दोन पिचेस मातीची ठेवायचं ठरलं, बाकीच्या जागी प्लास्टिक आलं. ज्या दिवशी यंत्राने ती माती खरवडून नेली, त्या दिवशी मी घरी थांबलो. अजूनही त्या बाजूने जाताना मला हिरवागार रंग डोळ्यांत खुपतो. पण दोन राहिली, आणि मेलेला पूर्णवेळ नेमलं. मी मोसम संपवून निवृत्त झालो, आणि आई सांगलीला परत गेली.

यंदा खंडेनवमीला मी मुद्दामच कोणाला काही आठवण करून दिली नाही. आपण गेलो, आता त्यांनी ते ओझं का बाळगावं? पण पाय राहिले नाहीत. सकाळीच फिरायला म्हणून गेलो. शेड उघडी होती. मोटर रोलरला कोफायची माळ. मोअरला, दाताळ्याला, पाण्याच्या नळीला. प्लास्टिक झाडायचा नवा ब्रश आहे, त्याला पण एक फूल. कुंकू जरा जास्त झालं होतं, बोटं धुवून न पुसता लावल्यासारखं.

मग मी बाहेर येऊन कोपऱ्यात बघितलं. जुना रोलर तसाच कोरा उभा. ना फूल, ना कुंकू. एवढं सगळं करून पुन्हा त्यालाच विसरले. आईने माझा उद्धार केला होता ते आठवलं आणि मी जरा घुश्शातच मेलेला म्हटलं, "अगं, याला राहिलं."

"राहिलं नाही," ती म्हणाली. "ठेवलंय. तुझ्या आईने नाही का सांगितलं होतं? एकाला संध्याकाळपर्यंत मोकळं ठेवायचं. आज माती तयार आहे. दुपारी सगळे येतायत."

बाराच्या सुमारास मी आईला फोन लावला. सांगलीत पहाट होती, पण ती उठलेलीच असते. सगळं ऐकून म्हणाली, "बरोबर आहे तिचं. जेवून घे आणि वेळेवर जा. मागे उभं राहून सूचना देऊ नकोस, ओढायला लाग."

दुपारी गेलो तर जोशीसाहेब आधीच येऊन उंचीप्रमाणे माणसं लावत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "डावीकडे एक जागा आहे. बूट काढा."